चरवी विसळताना

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि निकिताशेजारी उभे राहा. ईट गावातली खव्याची भट्टी. सकाळची वेळ. मोठ्या कढईत दूध रटरटतंय, धूर डोळ्यांत जातोय आणि रांगेतली सगळी माणसं निकिताच्या हातातल्या किटलीकडे बघताहेत. तिनं मूठ आवळली आहे. तुम्हीही आवळा. कारण भट्टीचे मालक उमाशंकर शेठ आत्ताच तिच्या आबांना चोर म्हणाले आहेत.

शेठनं किटलीतलं लिटरभर दूध छोट्या कढईत आटवून बघितलं होतं. म्हशीच्या दुधाचा खवा दोनशे ग्रॅम पडायला हवा. पडला एकशे सत्तर.

"पाणी हाय ह्यात, धोंडीबा."

"म्या पाणी घातलं न्हाय, शेठ," आबा म्हणाले.

"मंग काय म्हशीनं घातलं?"

रांग हसली.

"दर रविवारी विहारात पोरांना शिकवता, चोरी करू नका म्हणून. अन् हितं ही चोरी! उद्या एकदा बघतो. असंच निघालं तर तुमचं दूध बंद."

रांगेत मागे उभ्या असलेल्या मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला. "ह्यांच्यापायी आता आमच्या दुधावर बी संशय."

घरी येताना निकिता वाटेतला प्रत्येक दगड लाथाडत होती. आटत आलेल्या एका म्हशीवर घराचा बाजार चालायचा. भट्टीनं दूध नाकारलं तर ते न्यायचं कुठं? पण तिच्या डोक्यात बाजार नव्हता. तो एक शब्द होता.

"आबा, तुम्ही गप का ऱ्हायला?"

"खरं ते सांगितलं की."

"पुन्हा सांगायचं! वरडून सांगायचं!"

"वरडल्यानं दूध दाट हुतं व्हय?"

तिला हसू आलं नाही. आबा थांबले. "विहारात काय शिकलो आपण? यथाभूत. जे जसं हाय, ते तसंच बघायचं. आपल्याला पायजे तसं न्हाय, भ्या वाटतं तसं बी न्हाय. आदी बघ. मंग चिड."

"बघतेच," निकिता म्हणाली.

काय दिसणार हे तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. शेठचा काटा खोटा असणार. संध्याकाळी ती दुकानातून साखरेचा बंद पुडा घेऊन भट्टीवर गेली आणि कुणाला न विचारता तो काट्यावर ठेवला. बरोबर एक किलो. काटा खरा निघाला याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती गोठ्यात जाऊन बसली. आबांनी हात धुतले. चरवी उलटी करून झटकली. म्हशीच्या पाठीवर थाप मारून धारा काढल्या, दूध गाळून किटलीत ओतलं. पाण्याचा थेंबसुद्धा कुठे नव्हता. मग त्यांनी रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, चरवीत ओतलं, गोल फिरवून कडांना चिकटलेलं दूध सोडवलं आणि ते पांढुरकं पाणी घेऊन किटलीवर वाकले.

कळायला लागल्यापासून निकिता हे रोज बघत होती.

"आबा!" तिनं त्यांचं मनगट धरलं. "पाणी!"

"पाणी कुठलं? चरवीचं दूध हाय हे. आमची आई शिकवून गेली, थेंब वाया..."

आबा हातातल्या चरवीकडे बघत राहिले. मागच्या वर्षी हीच म्हैस आठ लिटर द्यायची. आता जेमतेम तीन. तांब्या मात्र तोच होता, तेवढाच.

"घातलं न्हाय म्हनलो मी," ते हळूच म्हणाले. "खोटं बोललो गं."

"खोटं न्हाय बोलला! बघितलं न्हाय तुम्ही!" तिचा आवाज चिरकला. "म्या बी न्हाय बघितलं."

आबांनी धोतराला हात पुसले. "चल. शेठची माफी मागून येतो."

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. तिनं एका हातात किटली घेतली, दुसऱ्या हातात विसळलेल्या पाण्याची चरवी, आणि ती निघाली.

भट्टीवर शेठनं दूध आटवलं. खवा काट्यावर ठेवला. दोनशे.

"बघा!" शेठ रांगेकडे वळून म्हणाले. "काल धरलं, आज सुधारले!"

रांग आजही हसली. निकितानं चरवी शेठच्या पुढ्यात ठेवली, इतक्या जोरात की पाणी त्यांच्या पायांवर उडालं.

"हे पाणी हुतं काल. चरवी विसळल्यालं. दूध वाया जाऊ नये म्हणून आबा रोज घालत हुते, त्यांच्या ध्यानातच नव्हतं. तुम्ही पाणी हाय म्हणाला, ते खरं हुतं, शेठ."

शेठनं चरवीत डोकावून बघितलं. कढईतलं उलथणं क्षणभर थांबलं.

"बरं, बरं. तुमचं दूध चालू. वत किटली."

"चोर म्हणाला, ते कुठं दिसलं तुम्हाला?"

"आगं पोरी, रांग खोळंबली."

रांगेत कुणी हसलं नाही. मथुराबाईंचा पदर तोंडावरून खाली आला होता.

निकितानं किटलीचं झाकण घट्ट लावलं. ती काट्यासमोर मधोमध ठेवली, झाकणावर हात ठेवला आणि शेठच्या तोंडाकडे बघत तिथंच मांडी घालून बसली.