ओंजळीचा पाऊस

प्रेमसिंगची सोयरीक अडली ती घागरीवरून.

मुलीचा बाप कनेरगाव नाक्याकडून आला होता. त्याने पोरगा पाहिला, बैलजोडी पाहिली, गूळपाणी घेतलं, आणि चपला पायात सरकवता सरकवता विचारलं, "पाणी कुठून आणता?"

प्रेमसिंगची आई भिकाबाई खोटं बोलायला शिकलीच नव्हती. तिने टेकडीखालच्या नाल्याकडे हात केला. पाहुणा स्वतः उतरून गेला. वाळूत खणलेला झिरा, त्याभोवती उकिडव्या बसलेल्या बाया, वाटीवाटीने भरत चाललेल्या घागरी, सगळं डोळ्यांनी बघून वर आला. तांड्याचे नाईक वसराम लिंबाखाली बसले होते. त्यांच्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "नाईक, पोरगं सोन्यासारखं हाये. पर मी लेक नांदायला देऊन राहिलो, घागरीला जुंपायला न्हाई. तुमच्या नाल्यावर तलाव मंजूर झाला की सांगावा धाडा. सालभर वाट बघतो."

नाईक म्हणाले, "आन् न्हाई झाला तर?"

"तर माझी लेक काय म्हातारी व्हायची थांबते का?"

बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण जाताना खुणा ठोकून गेला होता. तलावाच्या पाहणीच्या दगडी खुणा. एक तांड्याच्या नाल्यात, एक टेकडीपल्याडच्या गावाला. पैसा एकाच तलावाचा. त्या वर्षी आलेला ओव्हरसियर खुणेवर पाय ठेवून म्हणाला होता, "पाऊसच नसला तर तलावात काय भरता, वाळू?" ते बोलणं तांड्याच्या कानात खड्यासारखं अडकून राहिलं. पाऊस दिसला पाहिजे, मग तलाव, असं जो तो धरून चालला.

पुढं पुण्याहून उत्तमराव आले. वसमतच्या हळदीच्या आडत्याचा हा मुलगा, हवामानाच्या मोठ्या संस्थेत होता. माणूस मोकळा. जीपमधून उतरला की आधी पाणी मागायचा नाही, इथली तकलीफ त्याला माहीत होती. त्यानेच नाईकांच्या दारापुढे, तारेच्या कुंपणात, पावसाचं मापक बसवलं. वर फुलपात्रासारखं तोंड, खाली बाटली. रोज सकाळी शेजारच्या गावचे नरसिंग गुरुजी यायचे, बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजायचे आणि पुण्याला कळवायचे.

श्रावणात राखी झाली नि तांड्यात तीज बसली. लग्न न झालेल्या पोरींचा हा सण. वारुळाची माती आणायची, बांबूच्या टोपलीत भरायची, गहू पेरायचा, टोपल्या नाईकांच्या दारी मांडायच्या आणि सण सरेतो सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं. टोपलीत जसं तरारेल तसं भियाच्या, म्हणजे भावाच्या, रानात तरारेल. भिकाबाईची जिवनबाई, प्रेमसिंगची धाकटी बहीण, गाण्यात पुढं असायची:

टोपलीचं रान माझं तळव्यानं झाकतं,
भियाच्या गं शेतामंदी उद्या पीक वाकतं.

नेमकं पेरणीच्याच दिवशी उत्तमराव मापक तपासायला आले. पोरी मातीच्या हातांनी बसल्या होत्या. जिवनबाईची मैत्रीण नानीबाई, जिभेची तिखट, म्हणाली, "साहेब, ह्या डब्याला रोज बघून काय मिळतं तुमाला? दूध देतो का?"

उत्तमराव हसले, ओट्यावर टेकले. "गुरुजी आकडा कळवतात. आम्ही तो जाड कागदाच्या पत्त्यांवर भोकं पाडून लिहितो आणि पत्ते काँप्युटरला चारतो."

"भोकं खातो?"

"भोकं खातो आणि हिशेब ओकतो. त्याच्या पोटात आम्ही एक लहानसा मराठवाडा केलाय. डोंगर लहान, नद्या लहान, वारा लहान, आभाळसुद्धा लहान. त्याच्या चौकटी पाडल्यात. तुमच्या चौकटीत गावं चाळीस, मापक एकच. म्हणजे तुमच्या दारातलं हे फुलपात्र, तेच या चाळीस गावांचं आभाळ."

जिवनबाईने टोपलीतली माती थोपटली. "मंग त्या लहान मराठवाड्यात जे व्हईल ते हितं व्हईल, व्हय?"

उत्तमरावांनी समजावून सांगायला आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांच्या नजरेला टोपली पडली. "हे काय करताय तुम्ही? लहानसं रानच केलंय ना? यात उगवलं की रानात उगवणार, म्हणूनच पाणी घालता. आमचंही तसंच समजा. यंत्रातली टोपली बघून पुढच्या वीस वर्षांचं रान कसं राहील ते सांगायचं."

"आन् तलाव?"

"तो कुठं बांधायचा, तेही त्यावरूनच ठरणार आहे."

माणूस चांगला होता. पोरींना कळेल असं बोलला, त्याचा त्यालाही आनंद झाला. जीप टेकडीआड गेली, धूळ खाली बसली, आणि जिवनबाई कितीतरी वेळ मापकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने झिऱ्यातून आणलेलं पाणी टोपल्यांना घातलं. तांब्यात उरलेलं तिच्या प्यायचं होतं. ते ओंजळीत घेऊन ती कुंपणातून वाकली आणि मापकाच्या तोंडात सोडलं. पोरी मागे उभ्या राहून गात होत्या. कुणाला फसवायचं कुणाच्या मनात नव्हतं. टोपलीला पाणी घालणं ही जर लबाडी नसेल, तर ही तरी कशी? लहान आभाळ कोरडं पडलं होतं, ते भिजवलं, बस्. तीज संपेपर्यंत रोज एक ओंजळ पडत राहिली. मोठं आभाळ मात्र त्या श्रावणात पांढऱ्या चादरीसारखं वाळत होतं.

नरसिंग गुरुजींनी पहिल्या दिवशी बाटली हलवली आणि वर पाहिलं. त्यांच्या गावात थेंब नव्हता. पण श्रावणाची सर या बांधावर पडते, त्या बांधावर पडत नाही.

"जिवनबाई, रातच्याला आल्ता काय पाऊस?"

"आला असंल गुरुजी. आमी झोपलो व्हतो."

चौथ्या-पाचव्या दिवशी गुरुजी कुंपणापाशी जरा जास्तच रेंगाळले. तारेखाली ओल्या पायांचे ठसे होते, पोरीच्या लहान पायांचे. आषाढात वासराने मापकाला धडक दिली होती, तेव्हा त्या दिवसाचा आकडा त्यांनी आपल्या मनाने गाळला, तर पुण्याहून तंबी आली होती: नळीत दिसेल ते कळवा, अक्कल आमच्यावर सोडा. ती तंबी त्यांना आठवली. आणखीही एक गोष्ट आठवली. तांड्याच्या नाल्यावर तलाव झाला तर पाट त्यांच्या बौद्धवाड्याच्या खालून जाणार होता. त्यांनी नळीत दिसलं ते कळवलं.

दिवाळी झाली. ज्वारीने पोटऱ्यातच मान टाकली होती. उत्तमराव आले ते हातात कागदाची गुंडाळी घेऊन. गुंडाळी कसली, लुगड्याएवढा लांब कागद, दोन्ही कडांना भोकं, मधे आकड्यांची रांगोळी. नाईकांच्या ओट्यावर त्यांनी तो पसरला, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार खडे ठेवले. तांडा गोळा झाला. गुरुजीही आले.

"हे तुम्ही," उत्तमरावांनी बोट ठेवलं. "ही तुमची चौकट. आणि खुशखबर आहे, नाईक. सगळा मराठवाडा कोरडा पडत चाललाय, पण तुमच्याकडे श्रावणातला पाऊस वाढतोय. पुढच्या वीस वर्षांचा हिशेब चांगला आहे."

जिवनबाईने प्रेमसिंगच्या दंडाला चिमटा काढला. भिकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं; एवढ्या महिन्यांत तिने पाणी असं फुकट जाऊ दिलं नव्हतं.

"मंग तलाव झाला म्हना की," नाईक म्हणाले.

उत्तमराव थबकले. "तलाव? नाही नाही. तलाव पल्याड. ती दुसरी चौकट, तिथं परिस्थिती वाईट आहे. पैसा दुष्काळी कामाचा, तो दुष्काळालाच जाणार. तुम्हांला आता गरज नाही."

कागदाची कड वाऱ्याने फडफडली.

भिकाबाई पुढं आली. "साहेब, गरज न्हाई? झिरा बघा जाऊन. मांजरानं मुतल्यावानी पाणी येऊन राहिलं."

"याडी," जिवनबाई आईला म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "त्यो पाऊस म्या घातला."

"काय घातलं?"

"पाणी. त्या डब्यात. तिजेला. साहेबच म्हनले ना, टोपलीवानी हाये."

उत्तमराव आधी हसले. मग त्यांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी जमिनीकडे. मग ते हसायचे थांबले. वाकून त्यांनी कागदावरच्या त्या चौकटीवर अंगठा घासला, जणू आकडा ओला असेल तर पुसला जाईल.

"एका ओंजळीनं?" ते स्वतःशीच बोलले. "एवढ्याशा तोंडात एक ओंजळ म्हणजे चांगली सर झाली."

"चाळीस गावांवर," नानीबाई म्हणाली. "काय आभाळ केलंय तुमी, साहेब. एका पोरीच्या ओंजळीनं फाटलं."

नाईक म्हणाले, "चूक झाली. लेकराची चूक, समजुतीची. तेवढं काढून टाका आन् पुन्यांदा हिशेब करा. बराबर करा."

"नाईक, असं होत नाही. यंत्रावर आमची पाळी यायला महिने जातात. आणि अहवाल..." उत्तमराव कागद गुंडाळू लागले. "अहवाल गेला वर. माझ्या सहीने गेला."

"मंग तुमच्याच सहीनं सांगा की."

उत्तमराव गुंडाळीला दोरा बांधत होते. गाठ काही नीट बसेना. "बघतो," ते म्हणाले. "बघतो मी. तोवर हे कुणाजवळ बोलू नका. गुरुजींनाच त्रास होईल."

आडत्याच्या घरचा माणूस. 'बघतो'चा भाव त्याला लहानपणापासून ठाऊक होता. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा प्यायला पाणी मागितलं. भिकाबाईने दिलं. भरलेला तांब्या दिला.

उन्हाळ्यात पल्याडच्या गावाला तलावाचं काम लागलं. तांड्यातली माणसं टेकडी ओलांडून तिथंच मातीकामाला जाऊ लागली. प्रेमसिंगही गेला. दुसऱ्याच्या तलावाची माती त्याने डोक्यावरून वाहिली. वैशाखात एका दुपारी भरावावरून वरात जाताना दिसली. नाक्याकडच्या पाहुण्याने आपला शब्द पाळला होता, सालभर थांबला होता आणि मग लेक पल्याडच्या गावात दिली होती. जिथं तलाव तिथं लेक. प्रेमसिंगने टोपलं खाली ठेवलं, वरात जाऊ दिली, पुन्हा उचललं.

घरी आल्यावर तो बहिणीला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं जिवनबाईला वाटायचं.

पुन्हा श्रावण आला. तीज बसली. पोरींनी टोपल्या मांडल्या, पण गाणी उचलायला कुणी पुढं होईना. जिवनबाई पाणी घालायची ते तोंड मिटून. मापकाभोवतीची तार आता छातीएवढी उंच झाली होती, कुणी हात लावू नये म्हणून.

एका सकाळी नरसिंग गुरुजी नळी न काढताच ओट्यावर येऊन बसले.

"काय झालं, गुरुजी?" भिकाबाईने विचारलं.

"पुण्याचा मानूस भेटला हिंगोलीत. इचारून राहिला, अवंदा तुमच्याकडून नुसते शून्य काहून येऊन राहिले? म्हनलं, पाऊस न्हाई. तर म्हनतो, यंत्राच्या हिशेबानं तुमच्या चौकटीत श्रावणात पाऊस पाहिजे. तवा मापकातच खोट असंल, न्हाईतर तुमच्या मोजण्यात. तुमचे शून्य धरीत न्हाईत आता."

"धरीत न्हाईत म्हंजे?"

"त्याच्या जागी यंत्राचा पाऊस धरतात."

भिकाबाईला उमजायला वेळ लागला. उमजलं तेव्हा ती लिंबाच्या बुंध्याला टेकली. "म्हंजे माझ्या पोरीनं घातलेलं पाणी अजून पडूनच राहिलं म्हना तिकडं."

"व्हय," गुरुजी म्हणाले. "तिकडं बारा महिने तीज हाये."

नानीबाई जवळच होती. एरवी तिने काहीतरी टोमणा मारला असता. या वेळी तिने फक्त पदर सारखा केला.

प्रेमसिंग तेवढ्यात झोपडीतून निघाला, खांद्यावर वाकळ, हातात विळा. वसमतकडच्या शेतांत निंदणी मिळते, मग पुढं ऊसतोड. तीज बुडवायला, शेवटच्या दिवशी टोपल्यांतले अंकुर पाण्यात सोडायलासुद्धा तो थांबणार नव्हता. जिवनबाईच्या हातात तांब्या होता, टोपल्यांना घालून उरलेलं पाणी त्यात होतं. ती वाटेत आडवी झाली.

"भिया, थांब."

त्याने मापकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. वर्षभरात पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"हात कर," ती म्हणाली.

त्याने वाकळ खाली ठेवली आणि ओंजळ पुढं केली. तिने तांब्या वाकवला. पाणी त्याच्या ओंजळीत मावलं नाही, बोटांतून निसटून धुळीत पडलं, आणि धुळीने ते लगेच पिऊन टाकलं. त्याचा आकडा कुणी घेतला नाही.