डाव्या हाताचे खुरपे

मी एक जुने खुरपे आहे. मित्रांनो, आधीच कबूल करते, माझा स्वभाव चांगला नाही. दुसऱ्याचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते.

लोहाराने मला मुद्दाम उलट्या बाजूला वाकवले, कारण माझ्या मालकीणबाई, म्हणजे काकू, डावखुऱ्या. दुसऱ्या कोणी हातात घेतले की मी मातीवरून नुसते घसरते. मका गुडघ्याला लागायच्या आत तण निघाले नाही, तर कणसे भरत नाहीत. म्हणून गल्लीतल्या अकरा बायका आज एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या, अशा मिळून खुरपायच्या. काकू डाव्या टोकाला बसायच्या, म्हणजे कोपराला कोपर लागायचे नाही. आमची ओळ सगळ्यांच्या आधी संपायची. "हिच्या खुरप्याला पाय फुटलेत की काय!" असे बायका म्हणायच्या आणि मी फुलून जायचे.

मग जवळच कपड्यांचा कारखाना निघाला. बायका एकेक करून तिकडे गेल्या. सावलीतले काम, त्यांचे तरी काय चुकले? यंदा ओळीत उरल्या एकट्या काकू, आणि त्यांचेही मनगट दुखू लागले. रोजाने यायला माणूस मिळेना. शेवटी काकांनी पाठीवरचा फवारणी पंप आणला.

निळाशार, पट्टेवाला. काका त्याला धुवायचे, पुसायचे आणि टांगायचे कुठे? माझ्या खिळ्यावर! मला टाकले धान्याच्या पिंपामागे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याचे तोंड तुंबू दे, एवढेच मी दिवसभर घोकत होते.

काकांनी तणनाशक फवारले. आठवड्यात तण करपले, मका मात्र तरारून उभा. पण मक्याच्या ओळींमधला घेवडाही करपला. पंपाची फजिती ऐकून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेवढ्यात काकू पिंपाजवळ मटकन बसल्या.

"अहो, दुकानात सांगितलं नाहीत, आत घेवडा आहे म्हणून?"

"त्यानं विचारलं, शेतात काय आहे. मी म्हटलं, मका." काका चाचरले. "घेवडा तू लावतेस ना, माझ्या लक्षातच नाही आलं."

"खाताना बरा लक्षात असतो! आईनं दिलेलं बी होतं हो ते. सगळं पेरलं. घरात एक दाणा नाही आता."

माझा आनंद कुठल्या कुठे गेला. त्या घेवड्याभोवतीचे तण दरवर्षी मीच तर काढले होते.

काही उरलेय का बघायला दोघे शेतात गेले. काकूंनी मला बरोबर घेतले. बांधाजवळच्या कोपऱ्यात फवारताना पंपाचे तोंड खरेच तुंबले होते. तिथे तण माजले होते आणि तणात घेवड्याची सात रोपे जिवंत होती. काकू दुखऱ्या मनगटाने खुरपू लागल्या. "आण इकडे," म्हणत काकांनी मला घेतले, पण मी घसरत राहिले. मग त्यांनी मला काकूंना परत दिले आणि गुडघे टेकून हातांनीच तण उपटले.

सातातली पाच रोपे जगली. त्यांचे बी पुरचुंडीत बांधून ठेवले आहे. काकांनी भिंतीत आणखी दोन खिळे ठोकले. मी माझ्या जागी परतले, शेजारी पंप आहे, आणि तिसऱ्या खिळ्यावर काकांचे नवे, उजव्या हाताचे खुरपे. चकचकीत आहे मेले. मी जळते, खरेच जळते. पण ओळीत आता दोघे असतात.

मित्रांनो, पंप आणा, यंत्रे आणा. फक्त औषध कालवण्याआधी घरातल्या बाईला विचारा, मधे काय पेरलेय. आणि एवढे माझ्यासाठी करा, त्या नव्याला माझ्याआधी धार लावू नका.