मागच्या दाराची किल्ली

"डोकं दुखतं का हो आजी, अधूनमधून?" बॉयलरसमोर गुडघे टेकून बसलेल्या नेव्हिलनं विचारलं.

विनीनं घाईघाईनं मान हलवली. "छे! ठणठणीत आहे मी."

अख्खं घर गरम ठेवणारा स्वयंपाकघरातला बॉयलर सारखा विझत होता, म्हणून तिनं गॅसवाल्याला बोलावलं होतं. त्यानं बॉयलर बघावा आणि जावं. गेल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याला, हॅरोल्डला, डॉक्टरांनी असेच गोड आवाजात प्रश्न विचारले होते आणि थंडी सरायच्या आत त्याची रवानगी वृद्धाश्रमात झाली होती. आता तिचंही त्याच्यासारखंच विसरणं सुरू झालं होतं. काल चहाची किटली कपड्यांच्या कपाटात सापडली. परवा पोटच्या मुलीचं नाव आठवेना. जिल पोरगी वाईट नव्हती, पण हे कळल्यावर आईची बॅग भरायला तिनं एक दिवसही लावला नसता.

"मळमळतं? चक्कर येते?"

"नाही म्हटलं ना! तू बॉयलर दुरुस्त करायला आलायस की मला?"

"चिडू नका हो. ही ज्योत बघा. निळी हवी, तर पिवळीधमक झालीये. वर ही काजळी."

त्यानं खिडक्या लावून घेतल्या आणि धुराची एक काडी पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरली. धूर वर चढायला हवा होता. तो जरा घुटमळला, मागे फिरला आणि सरळ विनीच्या तोंडावर आला.

नेव्हिलचा चेहरा उतरला. त्यानं गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि मागच्या दाराला हिसका दिला.

"कुलूप का घातलंय? किल्ली कुठाय?"

"माझ्या एप्रनमध्ये," विनी चाचरत म्हणाली. "हॅरोल्ड सारखा उघडायचा ना."

त्यानं दार उघडलं आणि तिला हाताला धरून परसात आणलं. "धुराडं चोंदलंय. कावळ्यांनी घरटं केलं असणार. विषारी वायू घरातच कोंडतोय, त्याला ना वास, ना रंग. आता खरं सांगा, आजी. काय काय होतं?"

विनीला रडू फुटलं. "मला वेड लागतंय रे बाळा. जिलला सांगू नकोस, पाया पडते तुझ्या."

"घराबाहेर पडलात की बरं वाटतं?"

तिनं आठवून पाहिलं. "जिलकडे राहिले की वाटतं खरं."

"मग कसलं वेड? वायू चढतोय तुम्हाला. आत्ता दवाखान्यात चला, रक्त तपासू."

विनी रडता रडता हसली. वेड नाही! मग एकाएकी तिचं हसू थांबलं.

"हे कधीपासून असेल?"

"काजळीचे थर बघता, दोन हिवाळे तरी."

तिनं वळून मागच्या दाराकडे पाहिलं. ऐन जानेवारीत हॅरोल्ड हे दार सताड उघडून उभा राहायचा. 'गुदमरतंय विनी, राहू दे ना उघडं.' आणि ती त्याला आत ओढून कुलूप घालायची. वृद्धाश्रमात गेल्यावर महिन्याभरात तो पुन्हा शब्दकोडी सोडवू लागला. नाताळात घरी आणला, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा भ्रमिष्ट. "घरी आणलं की बिघडतात बाबा," जिल म्हणाली, आणि मग त्याला आणणंच थांबलं. भेटीला गेलं की तो विचारायचा, "कधी नेतेस?" ती म्हणायची, "बरा झालास की." गेल्या दोन रविवारी त्यानं विचारलंच नव्हतं.

नेव्हिल गाडीत हत्यारं ठेवून आला. बॉयलरवर त्यानं 'धोका, वापरू नये' अशी लाल चिठ्ठी अडकवली होती. "चला. तेवढं दार लावून घ्या, घर गारठेल."

"गारठू दे," विनी म्हणाली.

तिनं किल्ली कुलपातून काढली, खुंटीवरच्या हॅरोल्डच्या कोटाच्या खिशात टाकली आणि तो कोट हातावर घेतला. मागचं दार तिनं उघडंच ठेवलं.