न दमणारा खेळाडू

पवित्र सप्ताहातला बुधवार. फिलिपिन्समधल्या मारिकिना शहरातल्या एका गल्लीत सकाळपासून पबासा चालला होता. येशूच्या यातनांची गाथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गाऊन वाचायची, आणि एकदा सूर लागला की तो खंडू द्यायचा नाही. तिता चोलेंगच्या, म्हणजे चोलेंग मावशीच्या, अंगणात मांडव, मांडवात मूर्ती, मूर्तीपुढे लांब टेबल आणि छपरावर भोंगा. भोंगा असा, की देवानेही एक कान झाकून घ्यावा.

मागच्या स्वयंपाकघरात तिताची भाची नेला लॅपटॉप उघडून बसली होती. बसली कसली, बसायची, उठायची, आल्याच्या चहाचा घोट घ्यायची, पुन्हा बसायची. टेबलाखाली तिचा गुडघा सारखा हलत होता.

नेला संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती. राक्षस मारा, हत्यारं मिळवा, मग त्याहून दांडगे राक्षस मारा, असा त्यांचा खेळ. गोष्ट संपली तरी खेळ संपत नाही, खरी रंगत तिथून पुढे. पूर्वरंग आटोपला की बुवा उपरणं खोचून उत्तररंगाला उभे राहतात ना, तसं. हा उत्तररंग नेलाचा. तिने त्याला नाव दिलं होतं पाताळ. जितकं खाली उतराल तितकं कठीण, तितकं घबाड मोठं. आणि मेलात की थेट वर, पहिल्या मजल्यावर.

लोक हौसेने उतरत, तिसाव्या मजल्याच्या आसपास मरत आणि परत येतच नसत. नेलाने दोनदा राक्षसांचं बळ कमी करून पाहिलं, काही फरक पडला नाही. तेवढ्यात तिच्या साहेबांचा, सर रोहेलचा फोन आला.

"नेला, पाच वाजता मी खेळातल्या बदलांना कुलूप लावणार. मग सोमवारपर्यंत अख्ख्या देशात माणूस सापडायचा नाही."

"सर, तिसाव्यालाच का पडतात, तेच कळत नाहीये."

"जमत नाही म्हणून पडतात. आंबोने घेतलेल्या चाचणीत तर एका खेळाडूने एका बैठकीत तळ गाठला होता. तूच दाखवलंस ना मला? हे बघ, या वेळीही लोक टिकले नाहीत तर पाताळ बुजवायचं. वरून तसं आलंय. तुझी माणसं दुसरीकडे वाटून देईन."

दाखवलं होतं खरं. चाचणीतल्या पात्राचं नाव रानडुक्कर. हे रानडुक्कर सकाळी पहिल्या मजल्यावरून निघालं ते संध्याकाळी तळाशी टेकलं, वाटेत एकदाही दमलं नाही. एकाला जमतं तर सरावाने सगळ्यांना जमेल, असं धरून नेलाने सारी मापं त्याच्यावरून बेतली होती.

"नेला, आलं संपलं गं," तिता अंगणातून ओरडली. "गाणाऱ्यांचे घसे बसतील."

नेला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. तिथे एक म्हातारा ट्रायसिकलवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, सावलीला थांबला होता.

"काय हो, आत कोण गातंय? सकाळच्या फेरीला हीच बाई, आताही हीच. पोटात मोटर बसवलीय की काय?"

"एक नाही हो, मानोंग," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं नेला म्हणाली. "पाच-सहा जणी आहेत. एकीला दम लागला की दुसरी तीच ओळ उचलते."

"असं होय. भोंग्यातून तर एकच वाटते बुवा."

नेला आल्याची पुडी हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने तिथूनच आंबोला फोन लावला. चाचणी करणाऱ्यांचा तो म्होरक्या, ऑफिसात सगळ्यांचा कुया, म्हणजे थोरला भाऊ. तो गावाकडच्या बसमध्ये चढत होता.

"कुया, ते रानडुक्कर तळापर्यंत कोणी नेलं?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हणजे आम्ही. माझे हात भरून आले की जोमेल बसायचा. तो जेवायला उठला की बिंग. पान्सितच्या शेवया गार होईस्तोवर एकट्यानेच खेळत बसायचं की काय?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? आणि त्यात सांगायचं काय? तू तरी कधी एकटीने डबा खाल्लायस का ऑफिसात?" मग त्याचा आवाज जरा खाली आला. "काही चुकलं का गं आमचं?"

"तुमचं नाही, कुया. माझं."

आपल्याकडे बुवांना ठसका लागला की मागचे टाळकरी ध्रुपद उचलून धरतात, म्हणून कीर्तन पडत नाही. पाताळात उतरणाऱ्याच्या मागे कोणी नव्हतं. तो आपल्या खोलीत एकटा.

पाचाला अजून तीन तास होते. एकटा माणूस नेमका कुठे मोडतो, ते पाहायचं तर एकटीनेच उतरायला हवं होतं. नेला स्वयंपाकघरात येऊन खेळायला बसली.

तिता दारात आली. "मार्तानंतर तुझी पाळी आहे. विसरलीस वाटतं?"

"तिता, थोडा वेळ दे."

"तिकडे प्रभूला क्रूसाकडे नेताहेत, आणि ही इथे डुकरं मारत बसलीय."

"राक्षस आहेत ते."

"मग मार बाई," म्हणून तिता निघून गेली.

नेला तिसाव्यापर्यंत पोचलीच नाही. सव्विसाव्या मजल्यावर समोर साधाच राक्षस होता, पण बोटं बधिर झाली होती. ती मेली आणि पडद्यावर पहिला मजला आला. तिला वाटलं, लॅपटॉप फटकन मिटावा आणि पुन्हा उघडूच नये. मग लक्षात आलं, सगळ्यांना असंच वाटत असणार.

तिने राक्षसांना हात लावला नाही. खेळाच्या गोष्टीच्या भागात वाटेत विसाव्याच्या ओसऱ्या होत्या. त्यातलीच एक उचलून तिने पाताळात दर पाच मजल्यांवर मांडली. इथे टेका, हवं तर उठून जा. मेलात तरी याच ओसरीवर याल, वर नाही. मित्राच्या हाती खेळ सोपवायची सोय आज होण्यासारखी नव्हती.

"ओसरी दिलीस तर लोक उठून जातील," सर रोहेल फोनवर म्हणाले.

"आत्ताही जातातच, सर. पण पडून जातात. बसून उठलेला माणूस परत येतो."

"आणि नाही आला तर?"

"तर बुजवा," ती म्हणाली.

पाच वाजता कुलूप लागलं. सोमवारपर्यंत करण्यासारखं काही उरलं नाही, तरी तिचा हात फिरून फिरून फोनकडे जात होता.

भोंग्यात मार्ताचा आवाज चिरकला. नेला उठून मांडवात गेली आणि तिच्या शेजारी टेकली. मार्ताने गाता गाताच पुस्तक सरकवलं, बोट ओळीवर तसंच. नेलाने ती ओळ अर्ध्यातून उचलली. टेबलाखाली तिचा गुडघा अजून हलत होता.

रस्त्यावरून म्हाताऱ्याची ट्रायसिकल गेली. त्याने मान वाकवून मांडवात डोकावलं, पुस्तकावर वाकलेल्या साऱ्या जणी पाहिल्या आणि हसत पुढे निघून गेला.