लाल रेघ

नकाशाकारांना बढती मिळाली, कक्षात केक कापला गेला, आणि त्यांनी आपला हसरा फोटो सासरच्या ग्रुपवर टाकला. मागच्या भिंतीवर गोपनीय नकाशा होता. तरीही निभावलं असतं. सासरची मंडळी अंगठ्याचे इमोजी टाकून आपापल्या कामाला लागली होती. पण मेहुण्याने विचारलं, "भावोजी, मागे ती लाल रेघ कसली?" सासरच्या कुणी त्यांच्या कामाबद्दल काही विचारण्याची लग्नानंतरची ही पहिलीच वेळ. भावोजींनी सविस्तर उत्तर दिलं.

गोपनीय काम हाताळायचा क्लिअरन्स गेला. खुर्ची कक्षाबाहेर बोळात आली. पाणी प्यायला जायचं तरी सोबत पहारेकरी. त्यांच्या माफीनाम्यावर 'अतिगोपनीय' असा शिक्का बसला, त्यामुळे आपण नेमकी कशाची माफी मागितली हे त्यांनाच पुन्हा वाचता येईना. आता फेरतपासणी होती. त्यातून तरले तर कक्षात परत, नाही तर निवृत्तीपर्यंत फर्निचर भांडारात.

तपासणीत आधी घरच्यांची जबानी. त्यांनी बायकोला पढवलं, "एवढंच सांग, की मी घरी काही बोलत नाही."

"खरंच आहे की. बढतीचंसुद्धा मला ग्रुपवर कळलं."

"शाब्बास. अगदी याच सुरात सांग."

चौकशी अधिकारी आले. नियमाप्रमाणे नकाशाकारांना गॅलरीत बसवून दार लावलं. आतून आधी बायकोचा आवाज येत होता, मग हळूहळू फक्त अधिकाऱ्यांचाच येऊ लागला. दुसरा चहा गेला. मग हसणं.

अधिकारी जाताच बायको म्हणाली, "किती मोकळ्या मनाचा माणूस हो! तुमचं काम झालंय. समितीचं ठरलंय, उद्याची मुलाखत नुसती नावाची. अध्यक्षांना म्हणे तुमची दया येते, कारण त्यांचाही एकदा..."

"थांब! हे त्यांनी तुला सांगितलं?"

"विश्वासाने सांगितलं. आमच्या नशिबात ते घरी कुठलं!"

गोपनीय गोष्ट फुटल्याचं कळलं की ताबडतोब वर कळवायचं, हा नियम. कळवलं तर अधिकाऱ्याचाच क्लिअरन्स जाणार, आणि त्याने तपासलेलं सगळं रद्द. नाही कळवलं तर नव्या क्लिअरन्सची सुरुवातच लपवाछपवीने.

"मग कळवा की," बायको कप उचलत म्हणाली. "भांडारातून येताना एक बरं कपाट बघून ठेवा."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "या चौकशीबद्दल तुम्हाला बाहेरून काही कळलंय का?"

टेबलाच्या टोकाला चौकशी अधिकारी बसले होते. त्यांना अचानक छताच्या पंख्यात फार रस वाटू लागला.

नकाशाकारांनी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढे ओळीने मोडक्या खुर्च्या उभ्या राहिल्या.

"नाही, साहेब."

"घरी काही बोलणं?"

"घरी आम्ही फारसं बोलत नाही."

अध्यक्षांनी समाधानाने पेनाचं टोपण काढलं. "पाहिलंत?" ते चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाले, "माणूस पोटात ठेवायला शिकतो."

"शिकतो, साहेब," चौकशी अधिकारी मनापासून म्हणाले. सही झाली.