पिवळ्या पोटाचे लक्षण

कळंबा तलावाच्या काठी हिवाळ्यातली सकाळ सावकाश उमलत होती. निवृत्तीनंतर पक्षिनिरीक्षणाचा नाद लागलेल्या प्रभुलिंग सरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. पाण्याच्या कडेला शेपूट वरखाली हलवीत एक चिमुकला पक्षी किडे टिपत होता.

"पिवळा धोबी!" वर्गात संस्कृतचा पाठ सांगावा तशा ठाम स्वरात सर म्हणाले.

शेजारी क्रांती उभी होती. त्यांची जुनी विद्यार्थिनी, या पक्षिनिरीक्षण मंडळात मात्र त्यांच्याआधी आलेली. ती हळूच म्हणाली, "सर, पाठ करडी दिसतीया. करडा धोबी असंल."

"पोट हळदीसारखं पिवळं, आणि तू त्याला करडा म्हणतेस?" सर हसले, तशी मंडळीही हसली.

"सरांच्या म्होरं शानपना नगं, पोरी," मंडळातले हंबीरराव गरजले.

क्रांतीने मान खाली घातली. "व्हय सर. पिवळाच."

गुरूचा शब्द चारचौघांत खोडू नये, ही शिकवण सरांचीच होती.

एवढ्यात तो पक्षी उडून समोरच्या धोंड्यावर बसला. पाठ राखेसारखी करडी, पाय फिकट. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट असते, पाय काळे. पोट मात्र दोघांचेही पिवळे. सर हे कालच वाचून आले होते.

शिंगे हे गाईचे लक्षण म्हणाल, तर म्हैसही गाय ठरेल. लक्षण भलत्यालाही लागू पडण्याचा हा अतिव्याप्तीचा दोष त्यांनी जन्मभर शिकवला. तेव्हा पहिल्या बाकावर क्रांती बसत असे. आज तोच दोष स्वतःच्या मुखातून घडला, आणि वर तिलाच हसून झाले! सरांच्या कानशिलांत रक्त चढले. गप्प राहावे, कोणाला कळणार आहे, असेही मनात येऊन गेले. त्या विचाराने तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"क्रांती," ते कसेबसे म्हणाले, "हा धोंड्यावरचा कोणता गं?"

तिने पक्ष्याकडे पाहिलेच नाही. सरांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "तुमी म्हणाला त्योच की, सर."

"माझ्याकडे बघू नकोस, बाळ. त्याच्या पाठीकडे बघ."

तिने दुर्बीण उचलली. "करडी हाय."

"मग?"

"करडा धोबी, सर."

"आन् मगाशी चुकलं कोण म्हणायचं?" हंबीररावांनी मोठ्याने विचारले.

"मी," सर म्हणाले. "आणि हसलोही मीच."

सरांनी पुन्हा दुर्बीण लावली, पण लक्ष क्रांतीकडेच होते. पक्षी काही केल्या तीत सापडेना.