बरा झालास ना, मग दार लाव

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. तोंड मिटून राहणं हाच ज्याचा धंदा, त्याचा राग कोणाला दिसणार? म्हणून आज स्पष्टच सांगतो, मी संतापलेलो आहे.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. कानशीने घासून, तेल पाजून मला वसाहतीच्या सभागृहाच्या मागच्या खोलीवर टांगलं. "काय दणकट आहे!" म्हणत लोक मला खेचून बघायचे. पुढे पोटात गंज चढला आणि मी अडगळीच्या डब्यात गेलो.

तिथून मला किल्लीवाल्याने उचललं. चौकात त्याची टपरी होती. दारूपायी त्याचे हात असे थरथरायचे, की गिऱ्हाईक किल्लीची वाट बघून दारच फोडायचं ठरवायचं. उपचार घेऊन व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावर त्याने पहिलं कुलूप खोललं ते मीच. आतला एकेक खटका काढला, पुसला, पुन्हा बसवला. किल्ली फिरली तेव्हा तो एकटाच ओरडला, "लागलं रे, लागलं!" एवढं कौतुक माझ्या जन्माच्या वेळीही झालं नव्हतं.

मग त्याने मला सभागृहाच्या त्याच मागच्या खोलीवर परत टांगलं. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे त्याच्यासारखी, दारू सोडू पाहणारी माणसं जमायची. दार सताड उघडं, मी कडीला नुसता लटकलेला. फार काही चालायचं नाही. बसायचं, आठवडा कसा गेला ते सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं.

"काल पगार झाला, पाय बारकडेच वळत होते," बसड्रायव्हर एकदा म्हणाला. "तुझा फोन आला म्हणून घरी गेलो."

"तुझ्यासाठी कुठला? मलाच भीती वाटत होती, म्हणून लावला," किल्लीवाला म्हणाला. सगळे हसले. असं हसू औषधाच्या दुकानात मिळत नाही.

मग वसाहतीच्या अध्यक्षांना किल्लीवाल्याचा अभिमान वाटू लागला. हे वाईट लक्षण. त्यांनी त्याचा सत्कार ठेवला, तोही गुरुवारी, त्याच खोलीत. त्यामुळे बैठक रद्द. फोटो काढून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "आता बरा झालास ना लेका? मग दर आठवड्याला ते रडगाणं कशाला? वसाहतीचं नाव खराब होतं."

"काका, साखर ताब्यात आली म्हणून तुम्ही गोळ्या बंद केल्यात का?"

"ती साखर आहे. ही दारू आहे," अध्यक्ष म्हणाले. या शहाणपणावर समितीने माना डोलावल्या आणि पुढच्या गुरुवारी मला दाराला ठोकलं. खोली दुसऱ्या कोणाला हवी होती असंही नाही. आत काळं कुत्रं नव्हतं.

त्या दिवशी ड्रायव्हर आधी आला. मला खेचून पाहिलं, पायरीवर डबा ठेवून जरा थांबला. रस्त्यापलीकडे बार होता. त्याच्या दाराला संध्याकाळी कधीच कुलूप नसतं. तो उठला आणि पलीकडे गेला. मला ओरडता आलं नाही.

मग किल्लीवाला आला. खिशात तार होती, चुटकीसरशी मला उघडलं असतं. मी आनंदाने उघडलो असतो! पण दारुड्या म्हणून गाजलेल्याने कुलूप काढलं, तर त्याला घरफोडीच म्हणतात. त्याने मला सोडलं. तेवढ्यात त्याला पायरीवर ड्रायव्हरचा डबा दिसला आणि त्याने पलीकडच्या बारकडे पाहिलं.

बारच्या उंबरठ्याबाहेर उभा राहून तो ओरडला, "ए दादा! मी आत येणार नाही. आलो तर दोघंही तिथेच राहू. तूच बाहेर ये. डबा विसरलायस!"

बराच वेळ कोणी आलं नाही. पण तो हलला नाही. शेवटी ड्रायव्हर बाहेर आला. तोंडाला वास, डोळ्यांत पाणी. दोघं माझ्याखाली पायरीवर बसले.

"हं. आठवडा कसा गेला?" किल्लीवाल्याने विचारलं.

अध्यक्ष फिरायला निघाले होते. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बघा! म्हणूनच कुलूप लावलं."

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी आम्ही वस्तू 'आमची काळजी घ्या' म्हणून विनवतो. माझी घेऊ नका. गंजलो तर बरंच. तुमच्याकडे कोणी बरा होऊन परतला, तर त्याचा सत्कारही करू नका. गुरुवारी दार तेवढं उघडं ठेवा. आणि किल्ली सापडली नाही, तर मला दगडाने फोडा.